शिल्लक

बुटीबोरीच्या आमच्या स्टोअरमध्ये एसी आहे,
तो माणसांसाठी नाही.
बाहेर सेहेचाळीस, गेटवर उईके
खिशात कांदा घेऊन बसलेला,
आणि आत चांदीची पेस्ट गारव्यात झोपलेली.
डबे बावीस. परवा चोवीस होते.

चांदी म्हणजे चमचम, असं वाटत असेल तुम्हाला.
ही राखाडी आहे, लोण्यात चुलीतली राख कालवल्यासारखी.
निळ्या चकतीवर हिच्या रेघा उठतात
केसाहून बारीक,
ऊन त्या रेघांवरून चालत लोकांच्या घरात जातं.
दर वर्षी पुण्याहून कुणीतरी विचारतं,
पौनीकर मॅडम, रेघ अजून थोडी बारीक नाही का होणार?
मी म्हणते, विचारून सांगते.
कुणाला विचारणार?

नव्या लाइनीचं दुखणं वेगळं.
तिला टेल्युरियम लागतं.
पहिल्या ऑर्डरीत हा शब्द मी दोनदा चुकले,
आता झोपेतही बरोबर लिहीन.
याच्यासाठी म्हणून खाण सहसा कुणी खणत नाही.
हे येतं तांब्याचं बोट धरून,
तांबं शुद्ध करताना टाकीच्या तळाशी काळा गाळ बसतो
त्यात चिमूटभर.
पंगतीत मामाबरोबर आलेलं पोर,
मामा उठला की उठणार.
आणि भुकटी श्वासातून गेली तर
कितीतरी दिवस तोंडाला लसणाचा वास.
लॅबमधल्या प्रांजली ढोमणेची सोयरीक
या वासापायी मोडता मोडता राहिली.
"सावजी खाऊन आली का वो पोरगी?" सासूनं विचारलं म्हणे.

या खेपेची पेटी बंदरावर नाही, जहाजावरही नाही.
ती एका दूरच्या देशात, एका टेबलावर,
एका सहीच्या अलीकडे आहे.
ईमेलमध्ये लिहिलंय: परवाना विचाराधीन.
विचार कोण करतंय ते लिहिलेलं नाही.
मी फळ्यावर खडूने लिहिते: शिल्लक एकोणीस दिवस.
उद्या अठरा लिहीन.
एवढं गणित मला येतं.

छपरावर ऊन फुकट.
उतू जाईल इतकं.

आमचे बाबा गोळीबार चौकात मागावर लुगडी विणायचे,
काठाला जर.
फाटलेलं लुगडं घरात कधी फेकलं गेलं नाही.
जुनी जर घेणारा अन्वरभाई यायचा, सायकलला तराजू,
दारासमोर काठ जाळायचा,
राखेवर हळू फुंकर मारून
ज्वारीच्या दाण्याएवढी चांदी आईच्या तळहातावर ठेवायचा.
एकदा मी रडले. मोरांचा काठ होता.
बाबा म्हणाले, "रडतं कायले?
लुगडं गेलं. धागा नाई गेला."

मार्चातल्या गारपिटीनंतर कळमेश्वरहून परत आलेले
तीनशे दहा पॅनल मागच्या आवारात पडून आहेत,
काचेची जाळी झालेले.
भंगारवाल्याचा टेम्पो गेटवर. भाव ठरलेला,
अॅल्युमिनियमच्या चौकटीचा तेवढाच.
चांदी त्याच्या काट्यावर उतरत नाही.

मी उईकेला म्हटलं, गेट नको उघडू.
"साहेबाले विचारलं का मॅडम?"
नाही विचारलं.
रजिस्टरचं कोरं पान काढलं, पट्टीने रकाने आखले.
नग, तीनशे दहा.
वर्णनाच्या रकान्यात पेन अडलं.
नादुरुस्त लिहावं? परत आलेला माल?
मग लिहिलं: जुनी जर.

साहेब सोमवारी येतील. खोडतील कदाचित.
ती कशी जाळायची, कुणाकडे, किती निघेल,
मला यातलं काहीच ठाऊक नाही,
अन्वरभाईला जाऊन बारा वर्षं झाली.

टेम्पो हॉर्न वाजवतोय.
उईकेने खिशातला कांदा काढून हुंगला
आणि माझ्याकडे न बघता
किल्ली दुसऱ्या खिशात टाकली.